निंबटेकच्या विहिरीतला वास

नगरला झेंडीगेटाजवळ जैनुद्दीन मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. ट्रक, जीप, उसाचे ट्रॅक्टर, सगळं तिथं दुरुस्तीला यायचं. मिस्त्रीची मुलगी मुमताज शाळा सुटली की दप्तर घरात टाकायची आणि आई रोशनबीचा डोळा चुकवून गॅरेजात येऊन बसायची. तिला पाने-पक्कड हातात घ्यायची हौस नव्हती. ती बापाला विचारायची, डिझेल हाताला चिकट का लागतं, पेट्रोल सांडलं तर बघता बघता उडून कुठं जातं. जैनुद्दीन हसायचा. "मला काय माहीत, बेटा? मी गाडी चालू करतो. आत काय जळतं ते शिकलेल्यांना विचार."

मग ती शिकली. मोहल्ल्यातल्या बायका नावं ठेवत होत्या, रोशनबी स्थळं बघत होती, आणि मुमताज रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. जिल्ह्याच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. "एवढं शिकून पोरगी लोकांचं पाणी हुंगत बसते," असं रोशनबी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, पण मुलीचा डबा मात्र रोज स्वतः भरायची.

सन बहात्तरचा पावसाळा कोरडाच गेला आणि त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेत बाटल्या ठेवायला जागा उरली नाही. विहिरी तळाला गेल्या होत्या. लोक मिळेल ते पाणी पीत होते. गावोगावचे नमुने येत, मुमताज आणि तिचे वरिष्ठ कुलथे साहेब ते तपासत. बहुतेक बाटल्यांतून जुलाबाचे जंतू निघत. त्यामुळे एका दुपारी श्रीगोंद्याकडची एक बाई पितळी कळशी कमरेवर घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मुमताजला त्यात विशेष काही वाटलं नाही.

बाईचं नाव बनुबाई. दौंड रस्त्याला लागून असलेल्या निंबटेक गावची. कळशीच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं. एस.टी.त हिंदकळून निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं होतं.

"ताई, ह्यात काय हाय ते सांगा," ती म्हणाली. "गाव म्हनतं, माज्या मालकानं हिरीत रॉकेल वतलं."

मुमताजनं तिला बाकावर बसवलं, प्यायला पाणी दिलं आणि सगळं विचारून घेतलं. निंबटेकला पाणी टिकलेली एकच विहीर होती, बनुबाईच्या नवऱ्याची, कानिफनाथची. त्यानं ती पिण्याच्या पाण्यासाठी गावाला खुली केली होती. पण गावचा पंच, कारभारी नावाचा, स्वतःची जनावरंही तिथंच पाजू लागला. पाणी घटलं तसं कानिफनाथनं त्याला अडवलं. "आदी मान्सं, मग जनावरं," म्हणाला. वाद हातघाईवर आला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पाण्याला वास मारायला लागला. कारभारीनं चावडीवर सांगितलं, यानं रागानं विहीर बाटवली. तेव्हापासून बनुबाईच्या घराशी कोणी बोलत नव्हतं. त्यांच्या कडब्याची गंज कुणीतरी पेटवून दिली होती.

"मालक भाईर पडत न्हाईत," बनुबाई म्हणाली. "जेवत बी न्हाईत. मला भ्या वाटतं, ताई."

मुमताजनं कळशीवरचं फडकं सोडलं. वास जेमतेम होता. तिनं त्यातलं पाणी चंबूत घेतलं, विजेच्या शेगडीवर तापवलं, वाफ थंड करून थेंब नळीत धरले. नुसतं पाणी. वर तेलाचा तवंग नाही, काही नाही.

कुलथे साहेबांनी नळी उजेडात धरून बघितली. "काही निघत नाही. तसं लिहून द्या."

"साहेब, लिहून दिलं तर गाव म्हणेल, पाणी चांगलं आहे. उघड्या भांड्यातून उन्हात आलंय हे. जे उडून जाणारं होतं ते वाटेतच गेलं असेल. नमुना मी स्वतः आणते."

कुलथे साहेब सावध माणूस. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "जा. पण काचेच्या बाटल्या न्या, घट्ट बुचाच्या. गळ्यापर्यंत भरा, आत हवा राहू देऊ नका. आणि मातीही आणा."

दुसऱ्या दिवशी ती निंबटेकला गेली. विहिरीवर गर्दी होती. वास असला तरी लोक पाणी शेंदतच होते, कारण दुसरीकडे पाणी नव्हतं. पोरांच्या ओठांवर पुरळ उठलं होतं. मुमताजनं दोरीला बाटली बांधून वरच्या वरचं पाणी घेतलं, पुन्हा पुन्हा घेतलं, बुचं लावली आणि बाटल्या ओल्या पोत्यात गुंडाळल्या. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग सरकत होते. वास तिनं ओळखला असं तिला वाटलं, पण बापाच्या गॅरेजातल्या आठवणीवर विश्वास टाकायची तिची तयारी नव्हती. जिथं रॉकेल, डिझेल आणि पेट्रोल एकाच फडक्याला पुसलं जातं, तिथल्या वासाचा काय भरवसा?

कारभारी तिच्यामागं येऊन उभा राहिला. धिप्पाड माणूस, डोक्याला भगवा पटका. "बाई, तपासा खुशाल. आमाला ठावं हाय कोनी वतलं ते. गुरुवारी सुरुंगवाले येत्यात. हीर आनखी खोल करू, बाटलेलं पानी उपसून टाकू, खालून नवं पानी लागंल. मग कानिफनाथचं बघू."

विहिरीपासून चढावर, रस्त्याच्या कडेला, एक पेट्रोल पंप दिसत होता. मुमताजनं तो बघितला आणि तिथल्या उतारावरची मूठभर माती एका बाटलीत भरून घेतली. कानिफनाथ घराच्या उंबऱ्यात बसला होता. तिनं हाक मारली. त्यानं मान वर केली नाही.

गुरुवारी सकाळी ती लवकर प्रयोगशाळेत आली. आधीच्या दिवशी तिनं सगळ्या बाटल्यांतलं पाणी थोडं थोडं ऊर्ध्वपातित करून, म्हणजे तापवून वाफ थंड करून, त्यातून आलेला तेलाचा थर वेगळा काढला होता. उतारावरची मातीही तशीच तपासली होती. नळीच्या टोकाला बोटाच्या पेरभर जमला होता. यावेळी तो होता, डोळ्यांना दिसत होता. प्रश्न एवढाच होता की ते कसलं तेल.

तिनं तीन बारीक नळ्या घेतल्या. पहिलीत विहिरीतला थर. दुसरीत घरच्या स्टोव्हमधलं रॉकेल. तिसरीत बापाच्या गॅरेजातून आणलेलं पेट्रोल. तिन्ही नळ्या गरम पाण्याच्या भांड्यात उभ्या केल्या आणि थर्मामीटर सोडला. रॉकेल इतक्या उष्णतेला दाद देत नाही, त्याला उकळायला पाण्यापेक्षा कितीतरी जास्त आच लागते. भांड्यातलं पाणी नुसतं चटका बसण्याइतकं तापलं आणि पेट्रोलच्या नळीत बारीक बुडबुडे धरले. रॉकेलची नळी गप्प होती.

विहिरीच्या नळीत बुडबुडे धरले.

मुमताज बघत राहिली. पाणी आणखी तापलं. दोन नळ्या सारख्याच उकळत होत्या. रॉकेलची तशीच शांत.

"साहेब," तिनं हाक मारली. आवाज चढला होता तो तिलाही कळला. "रॉकेल नाही. पेट्रोल आहे."

कुलथे साहेब धावत आले. "मातीचं काय?"

"मातीतून पण तेल निघालंय. साहेब, तो पंप चढावर आहे. टाकी जमिनीत आहे."

"थांबा. हे असं लिहून चालणार नाही. पंपवाला उद्या कोर्टात म्हणेल, बाईनं नळी बदलली. पेट्रोलमध्ये शिसं घातलेलं असतं, रॉकेलमध्ये नसतं. शिसं दाखवू, मग कोणाची छाती होणार नाही..."

पण मुमताज ऐकत नव्हती. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"साहेब, आज गुरुवार. त्या विहिरीत आज सुरुंग लावणारेत. पाणी उपसून टाकलं की खडकातून हेच झिरपणार. पेट्रोलची वाफ जड असते, ती तळाला बसणार. आणि ते खाली बिडीनं वात पेटवणार."

कुलथे साहेबांनी फोन उचलला. श्रीगोंद्याची लाइन मिळेना. ऑपरेटर म्हणाली, लाइन बंद आहे, कधी सुरू होईल सांगता येत नाही. कार्यालयाची जीप दुष्काळी कामावर गेलेली. एस.टी. मिळाली तरी फाट्यावर उतरून चालत जावं लागणार.

"शिशाचं मी बघतो," ते म्हणाले. "तुम्ही निघा. कसंही करा, पण निघा."

ती गॅरेजपर्यंत धावत गेली. जैनुद्दीन एका कंत्राटदाराच्या जीपखाली झोपून काम करत होता. मुलगी पदर सावरायचं भान नसलेली, घामानं भिजलेली, हे बघून तो झटकन बाहेर आला. "काय झालं? अम्मी ठीक आहे ना?"

तिनं सांगितलं. तुटक तुटक, पण त्याला कळलं. त्यानं हात पुसले आणि त्याच जीपची किल्ली फिरवली. "ब्रेक अजून पूर्ण बसलेले नाहीत," तो म्हणाला. "घट्ट धरून बस."

दौंड रस्ता तेव्हा अरुंद होता आणि दोन्ही अंगाला खडी फोडणाऱ्या दुष्काळी कामावरच्या माणसांच्या रांगा होत्या. जैनुद्दीन कर्णा वाजवत चालला होता. एका वळणावर बैलगाडी आडवी आली. त्यानं जीप शेतात घातली, ढेकळांतून उसळवली आणि पुन्हा रस्त्यावर आणली. मुमताज सुरुंगाचा आवाज कानावर येतोय का, ते ऐकत होती. अर्ध्या वाटेत इंजिन गरम झालं. बाप पाणी मागायला रस्त्यावरच्या माणसांकडं गेला आणि रिकाम्या हातानं परत आला. दुष्काळात गाडीला कोण पाणी देणार? इंजिन थंड होईपर्यंत दोघं उन्हात उभे राहिले. त्या थांबण्याइतकं लांबलचक आयुष्यात दुसरं काही आठवत नाही, असं ती पुढं सांगायची.

निंबटेकचा चढ आला तेव्हा विहिरीवर माणसांचं कडं दिसलं. पाणी उपसणारं इंजिन धडधडत होतं.

"अब्बा, इथंच थांबवा. जीप पुढं नेऊ नका. बंद करा आधी."

ती पायवाटेनं पळत सुटली. तिला येताना बघून काहीजण वळले. कारभारी पुढं झाला.

"इंजिन बंद करा!" ती ओरडली. "खाली कोण आहे? वर काढा त्यांना! कोणी काडी ओढू नका!"

"काय झालं, बाई?"

"ते रॉकेल नाही. पेट्रोल आहे. विहीर भरलीय त्या वाफेनं. ठिणगी पडली तर खालची माणसं जळून जातील."

कारभारीनं लोकांकडं बघितलं. "ऐकलं का? काल रॉकेल हुतं, आज पेट्रोल झालं. कानिफनाथच्या बायकोनं बाईला पढवून पाठवलंय. इंजिन बंद व्हनार न्हाई."

सुरुंगवाल्यांचा मुकादम सहादेव विहिरीच्या काठावर उकिडवा बसला होता. कानावर विझलेली बिडी होती. खाली चार गडी होते. छिद्रं पाडून झाली होती, जिलेटिनच्या कांड्या बसवून झाल्या होत्या. मुमताज कारभारीला सोडून त्याच्यासमोर जाऊन बसली.

"मुकादम, खाली गड्यांना काही त्रास होतोय का?"

सहादेवनं तिच्याकडं बघितलं. "एकाला चक्कर आली मगाशी. ऊन लई हाय."

"उन्हानं नाही. तुमची माणसं आहेत ती. एवढंच करा, त्यांना आधी वर घ्या. मग मी खोटी निघाले तर सुरुंग लावा, मी आडवी येणार नाही."

"मुकादम, टाइम घालवू नगा," कारभारी मागून म्हणाला. "पैशे सुरुंगाचे दिल्यात."

सहादेव उठला. त्यानं कानावरची बिडी काढून खिशात टाकली आणि खाली तोंड करून हाळी दिली, "समदे वर या! वात न्हाई लावायची! वर या म्हंतो ना!"

एकेक गडी दोर धरून वर आला. तिसरा काठावरच ओकला. चौथा वरच येईना. त्यानं खालून उत्तर दिलं नाही. सहादेव स्वतः उतरायला निघाला, तेव्हा मुमताजनं त्याचा हात धरला. "नाकाला ओलं फडकं बांधा. कमरेला दोर बांधा. खाली गेल्यावर श्वास फार घेऊ नका."

कुणीतरी इंजिन बंद केलं. कोणी केलं ते कारभारीनंही विचारलं नाही. अचानक इतकं शांत झालं की खालून दगडावरून झिरपणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. दोर ताणला गेला. लोक ओढू लागले. कानिफनाथ कधी आला कुणाला कळलं नाही, पण दोराला पहिला हात त्याचाच होता. सहादेव वर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर तो चौथा गडी होता, डोळे अर्धे मिटलेले. त्याला सावलीत निजवलं, वारा घातला. बऱ्याच वेळानं तो खोकला आणि पाणी मागितलं.

मुमताजनं त्याच्या डोक्याचं चिंब झालेलं मुंडासं उचललं. वाऱ्याच्या खालच्या अंगाला, लोकांपासून दूर, मोकळ्या रानात नेलं आणि एका घमेल्यात पिळलं. "सगळे मागं सरका," ती म्हणाली. जैनुद्दीन तोवर पोहोचला होता. त्यानं लांब काठीच्या टोकाला चिंधी बांधली, पेटवली आणि हात लांब करून घमेल्याकडं नेली.

चिंधी घमेल्यापासून हातभर लांब होती तेव्हाच आग उठली. भक्कन. काठीच्या टोकापासून घमेल्यापर्यंत ज्वाळेनं हवेतूनच उडी मारली.

"आगं बया!" एक म्हातारी तोंडावर हात ठेवून म्हणाली. ती गोजरबाई, गावची सुईण. "मी रोज चिमनी लावती. रॉकेल असं न्हाई पेटत. पान्यावरलं तर न्हाईच."

कारभारी घमेल्याकडं बघत राहिला. मग त्यानं विहिरीकडं बघितलं. त्याचा धाकटा भाऊ त्या गड्यांना भाकरी द्यायला मगाशीच खाली उतरून आला होता. कारभारी खाली बसला.

विहिरीतल्या कांड्या दुसऱ्या दिवशी, आत वारं खेळवून, हळूच काढून घेतल्या. कुलथे साहेबांनी शिशाची परीक्षा पूर्ण केली. थरातलं तेल आम्लानं मोडून त्यात रंग दाखवणारं औषध घातलं तेव्हा हिरवं द्रावण लालसर गुलाबी झालं. म्हणजे शिसं होतं. मग मुमताज आणि ते दोघं मिळून पुन्हा गावात आले. विहिरीपासून पंपापर्यंतच्या उतारावर लोखंडी नळी ठोकून ठिकठिकाणची खोलवरची माती काढली. प्रत्येक बाटली गरम पाण्यात धरून, वाफ थंड करून तपासली. विहिरीकडून पंपाकडं जावं तसं तेल वाढत गेलं. पंपाच्या पलीकडच्या मातीत काही नव्हतं.

पंपाचा मालक राधाकृष्ण आधी फार चिडला. वकील आणला. पण टाकी खणायला त्याला नाही म्हणता आलं नाही. टाकी उघडी पडली तेव्हा तिच्या बुडाला गंजून भोकं पडलेली होती, एकातून करंगळी जात होती. राधाकृष्ण खड्ड्याच्या कडेला उभा होता. पेट्रोल कमी पडतं म्हणून त्यानं पंपावरच्या एका माणसाला चोर म्हणून हाकलून दिलं होतं. त्याचं नाव त्यानं सगळ्यांदेखत घेतलं आणि त्याला बोलावणं धाडलं. तो आला की नाही ते मुमताजला कळलं नाही.

गावाला टँकरचं पाणी सुरू झालं. कारभारी कानिफनाथच्या दारात गेला. "कडबा मी देतो," एवढंच म्हणाला. कानिफनाथनं कडबा घेतला. पण त्यानंतर दोघं एकमेकांशी फारसं बोलले नाहीत.

मुमताज निवृत्तीपर्यंत त्याच प्रयोगशाळेत राहिली. उशिरानं लग्न केलं, रोशनबीच्या मनासारखं नव्हे, स्वतःच्या. पुढची कित्येक वर्षं पावसाळा संपला की ती निंबटेकला जायची, विहिरीचं पाणी आणि उतारावरची माती बाटल्यांत भरून आणायची. पहिल्या वर्षी तवंग होता. नंतर तवंग गेला पण नळीत थेंब निघत राहिले. मग तेही कमी कमी झाले, आणि एका हिवाळ्यात काहीच निघालं नाही. तिनं खात्रीसाठी पुन्हा नमुना आणला. तेव्हाही नाही.

ही बातमी सांगायला ती स्वतः गेली. बनुबाईनं विहिरीतून पाणी शेंदलं, तांब्या भरून तिच्या हातात दिला. मुमताजनं तो तोंडाला लावला आणि सगळा प्याली. बनुबाई प्याली. शेजारच्या बायका घागरी घेऊन आल्या. कानिफनाथनं मात्र त्या विहिरीचं पाणी पुन्हा कधी तोंडाला लावलं नाही. त्यानं ते उसाला सोडलं, आणि स्वतःसाठी गावच्या नळावरून घागर आणत राहिला.